धाकट्याने दिलेलं नाव

फोन म्हणजे उचलला आणि बोललं, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही सुखी आहात. इंटरनेटवर चालणारा ऑफिसचा फोन हा जन्मजात विसरभोळा प्राणी आहे. वीज जाऊन परत आली की त्याला स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही. उठल्याबरोबर नेटवर्कभर ओरडत सुटतो, मी कुठे राहतो, मी कोण? मग पत्ते वाटणारा एक सर्व्हर असतो, तो त्याला सांगतो, हा घे तुझा पत्ता, आणि नावासाठी अमक्या मशीनकडे जा. फोन तिकडे जातो, तिथे त्याचं बारसं होतं, आणि मग कुठे स्वारी वाजायला लागते. ही बारशी निस्तरायचा मला काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, पगार देते. सत्तावन्न वर्षांची झाले, गुडघे बोलायला लागलेत, तरी अजून टेबलांखाली शिरून वायरी ओढतेय. मिनेसोटाच्या या कोपऱ्यात माझ्या जागी यायला दुसरं कोणी तयार नाही, आणि मला तर आता कंटाळा यायचाही कंटाळा येतो.

पत्ते वाटणारे सर्व्हर आमच्याकडे दोन आहेत. एक झोपला तर दुसऱ्याने सांभाळायचं. मी त्यांना थोरला आणि धाकटा म्हणते. आमचे साहेब लिंडन ब्राटेन यांना हे पोरकट वाटतं. त्यांनी ही जोडी स्वतः बसवली, नवीन फोनांच्या सूचनाही स्वतः भरल्या, आणि थंडी वाढल्याबरोबर बायकोला घेऊन ॲरिझोनाला उन्हात बसायला निघून गेले. जाताना मी विचारलं होतं, "साहेब, धाकट्याचं काय? त्यालाही नव्याने सांगावं लागेल ना?"

"अगं, भाऊ भाऊ आहेत ते," लिंडन म्हणाले. माझ्याच शब्दांत मला गप्प केलं. "थोरल्याला सांगितलं की धाकट्याला कळतं. तू फक्त फोन ठेव टेबलांवर."

मी ठेवले. वरच्या मजल्यावर करवसुलीचं ऑफिस, तिथे महिन्याभरापूर्वी. आणि काल कोर्टाच्या तळघरात, आर्डिथबाईंकडे.

आर्डिथबाई लुंडीन म्हणजे आमच्या काउंटीचं ज्येष्ठ नागरिक केंद्र. पाटीवर केंद्र आहे, पण आत एक खोली, एक कॉफीचं भांडं आणि त्या. रोज सकाळी त्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना फोन करतात. काय करताय, गोळी घेतली का, बर्फ फार पडलाय का तुमच्याकडे, एवढंच. कोणी उचलला नाही तर थोड्या वेळाने परत, मग पुन्हा एकदा. तरीही नाही उचलला तर शेरीफचा माणूस घरी जाऊन दार ठोठावतो. गेल्या हिवाळ्यात अशीच एक म्हातारी गॅरेजमध्ये पडलेली सापडली आणि वाचली. माझे बाबाही त्यांच्या यादीत आहेत. याल्मर स्कोगस्टाड, वय शहाऐंशी, हॅगन तळ्याच्या काठी एकटेच. आजूबाजूच्या केबिन उन्हाळ्यापुरत्या, हिवाळ्यात तिथे चिटपाखरू नसतं. गावात राहायला या म्हणून मी जीभ झिजवली, पण ऐकतील तर ते बाबा कसले!

आणि ऑक्टोबरपासून ते माझा फोन उचलत नाहीत. दोनदा गाडी खड्ड्यात घातली म्हणून मी किल्ल्या काढून घेतल्या. तेव्हापासून रुसवा. मी रविवारी जेवण घेऊन जाते, ते खातात, टीव्हीकडे बघतात आणि मला म्हणतात, दार नीट लाव. फोन केला तर नाहीच. आर्डिथबाईंशी मात्र रोज गप्पा. त्यामुळे बाबांची खबर मला आर्डिथबाईंकडून कळते. बरं वाटतं आणि वाईटही वाटतं, पण मी त्यावर फार विचार करत नाही. वेळ कुठे असतो!

काल फोन लावले, तपासले, सगळं झकास चाललं. रात्री बर्फाचं वादळ झालं आणि वीज गेली. पहाटे आली. सकाळी मी कामावर पोचून अंगावरचा बर्फ झटकत होते, तोच तळघरातून हाक आली.

"रेने! अगं रेने, इकडे ये जरा. तुझ्या फोनांनी माझी माणसं खाल्ली!"

मी खाली गेले. आर्डिथबाई नवीन फोन कानाला लावून बसल्या होत्या आणि चेहरा पांढराफटक. त्या सहसा घाबरत नाहीत.

"वाजतोय ना?" मी विचारलं.

"वाजतोय गं. तिकडे वाजतोय, मला ऐकू येतंय. पण कोणी उचलतच नाही. लाविना उचलत नाही, मिल्फर्ड उचलत नाही. मिल्फर्ड तर फोनच्या उशाशी झोपतो! सगळ्यांना दोन-दोनदा करून झालं. एकानेही नाही."

"वादळामुळे लाइनी गेल्या असतील."

"लाइन गेली तर वाजेल कशी?"

बरोबर होतं. सकाळी सकाळी अशा बायकांपुढे माझं डोकं चालत नाही.

"तुमच्या मोबाइलवरून करून बघा," मी म्हटलं.

"केला ना, वर दारात जाऊन. या भोकात रेंज कुठे मिळते? माझा तो नंबर कोणी ओळखत नाही. आणि अनोळखी नंबर उचलायचा नाही, हे मीच त्यांना घोकून घोकून शिकवलंय. ते लुबाडणारे फोन येत होते ना, तेव्हा." त्यांनी कपाळावर हात मारला. "एवढी वर्षं कोणी ऐकलं नाही माझं, आणि आज बघ, सगळे शहाणे झाले."

त्यांनी शेरीफच्या ऑफिसात निरोप दिला होताच. तिकडून उत्तर आलं की हायवेवर ट्रक आडवा झालाय, ड्युटीवरचा एकुलता एक डेप्युटी आणि रेस्क्यूची गाडी दोन्ही तिथेच अडकलेत. मोकळे झाले की येतील, पण एका वेळी एकच घर. आधी कुठे जायचं ते तुम्हीच सांगा.

"आता मी काय सांगू?" आर्डिथबाई म्हणाल्या. "सगळेच उचलत नाहीत म्हणजे बहुतेक सगळे ठीक असणार. फोनचंच काहीतरी आहे. पण त्यात एखादा खरंच पडलेला असला तर? मला कसं कळायचं कोण ते?"

मी "बघते" म्हटलं आणि आधी वर दारात जाऊन बाबांना माझ्या मोबाइलवरून फोन लावला. बाबांनी निरोप घेणारं मशीन कधी ठेवलं नाही, त्यामुळे तो नुसता वाजत राहतो. वाजला, वाजला. मला थंडी वाजत होती आणि खाली काम पडलं होतं. रुसलेत, दुसरं काय, असं म्हणून मी बंद केला.

लिंडनना मेसेज टाकला. उत्तर आलं, सगळं रीस्टार्ट कर. सोबत स्विमिंग पूलचा फोटो. माणसाला काही लाजलज्जा!

मी फोन उघडून आतली माहिती बघायला बसले, तेवढ्यात जिन्यावरून धाडधाड करत ड्वेन आला. ड्वेन पेल्टोला म्हणजे वरच्या करवसुलीतला माणूस. एरवी इतका थंड की त्याच्यापुढे आमचं तळं गरम. आज मात्र कान लाल झालेले.

"हे काय चाललंय तुमचं खाली?" तो म्हणाला. "सकाळपासून म्हातारे मला फोन करून शिव्या घालतायत! एक बाई म्हणाली, मेल्या, नवऱ्याला जाऊन वर्षही होऊ देत नाहीस का? मी काय केलंय तिला? मी अजून कोटसुद्धा काढला नाहीये!"

"कोणती बाई?" आर्डिथबाई ताडकन उभ्या राहिल्या.

"कुणी लाविना ओस्टबी. म्हणे तुमचा फोन माझ्या घरात ओरडतोय पहाटेपासून, काउंटी करवसुली, काउंटी करवसुली. म्हणे मी सगळा कर भरलाय, पावती दाखवू का, आणि परत वाजवलात तर वकिलाला सांगेन. तिच्यामागून आणखी चौघे-पाचजण. एकाने तर मला नुसतंच थुंकल्याचा आवाज काढून दाखवला."

आर्डिथबाई खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. म्हाताऱ्यांना दिसत नाही म्हणून केंद्राने त्यांना बोलणारे फोन दिलेत. कोणाचा फोन आहे त्याचं नाव तो मोठ्याने सांगतो. रोज सकाळी तो सांगायचा, आर्डिथ, ज्येष्ठ केंद्र. आज सांगत होता, काउंटी करवसुली. मग कोण उचलणार? मीही उचलला नसता.

"म्हणजे जिवंत आहेत गं सगळे," आर्डिथबाई म्हणाल्या. "शिव्या घालतायत म्हणजे धडधाकट आहेत. ड्वेन, राजा, एक वडी खा लिंबाची. बस इथे."

ड्वेन बसला नाही, पण वडी घेतली. मला तोवर उलगडा झाला होता. मी सर्व्हरच्या खोलीत जाऊन दोन्ही भावांची दप्तरं शेजारी शेजारी उघडली. थोरल्याकडे बरोबर लिहिलं होतं, तळघरातल्या फोनांना नावासाठी केंद्राच्या मशीनकडे पाठव. धाकट्याकडे महिन्याभरापूर्वीचंच होतं, सगळ्यांना करवसुलीच्या मशीनकडे पाठव. हे दोघे भाऊ एकमेकांशी बोलतात, पण फक्त एवढंच, की कोणता पत्ता कोणाला दिला. आलेल्या फोनला काय सांगायचं ते बदललं तर एकमेकांना सांगत नाहीत, ते माणसाने स्वतः बटण दाबून कळवावं लागतं. अगदी आमच्या घरासारखं. काल थोरला जागा होता म्हणून सगळं झकास. पहाटे वीज आली तेव्हा थोरला म्हाताऱ्यासारखा कण्हत उठत होता आणि धाकटा टुणकन उठून बसला. जो फोन आला त्याला त्याने करवसुलीकडे धाडलं. तिथे सगळ्यांचं एकच बारसं.

लिंडनना मी मनातल्या मनात जे म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खाली आर्डिथबाई ड्वेनला एकेक नाव विचारत होत्या. हिचा आला का शिव्या घालायला? आला. ह्याचा? आला, तोच थुंकला. मिल्फर्डचा? मिल्फर्ड रडला हो, त्याला वाटलं घर जप्त होतंय. मी दारात येऊन उभी राहिले, सापडलं म्हणून सांगायला.

"याल्मरचा?" आर्डिथबाईंनी विचारलं.

"कोण याल्मर?"

"स्कोगस्टाड. तळ्यावरचा. मोठ्या आवाजाचा."

ड्वेनने आठवून बघितलं. "नाही. त्या नावाचा कोणी नाही."

आर्डिथबाईंनी माझ्याकडे बघितलं. हसू पार गेलं होतं.

"ते कोणाचाच फोन उचलत नाहीत," मी म्हटलं. "करवसुली म्हटल्यावर तर मुळीच नाही. बसले असतील टीव्हीपुढे. मीही केला होता सकाळी, माझाही नाही उचलला."

"तुझा उचलत नाही गं," त्या म्हणाल्या. "बाकी सगळ्या जगाचा उचलतो. मागच्या आठवड्यात एका लुबाड्याला अर्धा तास धरून बसला होता, त्याच्या आईची चौकशी करत. आणि आज करवसुलीवाले आपणहून घरी फोन करतायत, एकदा नाही, दोन-तीनदा, आणि याल्मर भांडणार नाही? ही संधी तो सोडेल? रस्त्यावरचा बर्फ न काढल्याचा राग त्याच्या पोटात डिसेंबरपासून साठलाय. रोज मला ऐकवतो. रेने, तुझा बाप उठू शकत असता तर या ड्वेनचे कान आत्तापर्यंत गळून पडले असते."

त्या बरोबर बोलत होत्या. मला हे कळायला हवं होतं, पण मला बाबांचा डिसेंबरपासूनचा राग ठाऊकच नव्हता.

आर्डिथबाईंनी लगेच शेरीफला कळवलं, सगळ्यांना सोडा, तळ्यावर जा, याल्मर स्कोगस्टाड. तिकडून सांगितलं की ट्रक अजून हललेला नाही, पण डेप्युटी आता निघतोच. तळ्याचा रस्ता साफ झालेला नव्हता. मी कोट शोधायला लागले.

"निघते मी. मीच जाते."

"जा. पण तुला पोचायला किती वेळ लागेल या बर्फात? आणि हा फोन नीट करायला किती?"

"फोनला काय, एक बटण. मग तो परत उठेपर्यंतचा वेळ."

"मग आधी बटण दाब," आर्डिथबाई म्हणाल्या. "तुझा फोन तो उचलत नाही, माझा उचलतो. माझं नाव मला परत दे, मग जा."

मी धावत गेले. थोरल्याचं सगळं धाकट्याला कळवलं, ते एक बटण, फक्त एक, जे ब्राटेनसाहेबांना उन्हाच्या नादात दाबायला सुचलं नव्हतं. मग तळघरातल्या फोनांची वीज बंद करून चालू केली. तो विसरभोळा प्राणी उठला. मी कोण, मी कुठे. इतक्या वर्षांत मी हे हजार वेळा बघितलंय, पण एवढा वेळ कधी लागला नव्हता. पडद्यावर टिंबं फिरत होती. ड्वेन मधेच म्हणाला, "माझ्या गाडीच्या चाकांना बर्फासाठी साखळ्या आहेत, मी सोडतो तुला." तो वर किल्ल्या आणायला पळाला. वाईट माणूस नाही ड्वेन.

पडद्यावर अक्षरं आली. आर्डिथ, ज्येष्ठ केंद्र.

आर्डिथबाईंनी स्पीकर लावला आणि बाबांचा नंबर फिरवला. मी खुर्चीवर बसून बूट चढवत होते. तो वाजत राहिला. एवढा वेळ वाजला की मला वाटलं आता आपोआप तुटेल. मी म्हटलं, "नाही उचलत, मी जाते." आर्डिथबाईंनी हात वर करून मला थांबवलं. पलीकडे काहीतरी जोरात आदळलं, कशाची तरी फरफट ऐकू आली आणि मग श्वास.

"आर्डिथ," बाबा म्हणाले. आवाज अगदी बारीक. "आज फार उशीर केलास."

"याल्मर! अहो, कुठे आहात तुम्ही?"

"जमिनीवर. स्वयंपाकघरात. कॉफी करायला उठलो होतो, काळोख होता, पाय गेला. कंबर हलत नाही. वायर ओढून फोन पाडला खाली, फुटला वाटतं. बिल पाठवू नका."

"माणूस निघालाय तुमच्याकडे. शुद्धीवर राहा हं. बोलत राहा माझ्याशी. पहाटेपासून तुम्ही असेच?"

"हो ना. आणि तो मेला फोन ओरडतोय. काउंटी करवसुली, काउंटी करवसुली. म्हटलं, त्या चोरांसाठी कोण सरपटणार? बोंबल म्हटलं. तुझी वाट बघत होतो. तुझा काही येईना. म्हटलं, आज आर्डिथही विसरली."

"विसरले नव्हते हो. तोच माझा होता. फोनचा घोळ झाला."

"असं होय." त्यांनी दम घेतला. "मधे एकदा रेनेचं नाव घेतलं त्याने. तेव्हा निघालो होतो मी."

आर्डिथबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या फोनकडेच बघत राहिल्या.

"कोपरांवर," बाबा म्हणाले. "शेगडीपासून निघालो, टेबलापर्यंत आलो. म्हटलं, एवढ्या दिवसांनी पोरीचा आलाय, उचलावा. तर बंद झाला."

मी तोंडावर हात धरला होता.

"तिला सांगू नकोस हं," बाबा म्हणाले. "उगाच बर्फातून गाडी दामटत येईल. रस्ता साफ केलेला नाही त्या चोरांनी."

"बाबा," मी म्हटलं, "मी इथेच आहे."

ड्वेन किल्ल्या वाजवत जिन्यात उभा होता.

"बाबा, मी निघतेय. ऐकताय ना? वाटेतून मी माझ्या मोबाइलवरून फोन करेन, तुम्ही उचलाल ना?"

"फोन तर फुटलाय," ते म्हणाले. "बघू. कर तू."